धम्म शिकावा कोणापाशी?

जळगावहून अजिंठ्याची लेणी सुमारे साठ किलोमीटरांवर आहेत. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, आणि ती अजिंठ्याइतकीच, कदाचित थोडी अधिकच जुनी. एवढा बुद्ध उंबऱ्यावर असूनही जळगाव-धुळ्याकडच्या वाचकास एक प्रश्न हटकून पडतो, आणि बहुधा तो मराठीच्या शिक्षकापाशीच येतो: मन स्वस्थ नाही, बुद्ध वाचावा असे वाटते, पण विश्वास कोणावर ठेवावा? दिनदर्शिकेवरच्या सुविचारांखाली बुद्धाचे नाव असते. ते वाक्य कोठल्या सुत्तातले हे कोणीच सांगत नाही. तेव्हा या प्रश्नाला मराठीत काही इतिहास आहे काय, हे पाहावे असे आम्हांस वाटले. इतिहास आहे, आणि तो चांगला सव्वाशे वर्षांचा आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे की दगड शिकवीत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात जातककथा भिंतभर रंगविलेल्या आहेत. परंतु ज्याने जातके वाचलेली नाहीत, त्याला तेथे राजे, हत्ती आणि सुंदर स्त्रिया एवढेच दिसते. महाराष्ट्रात अशा कित्येक लेण्यांना लोक शतकानुशतके पांडवांची लेणी म्हणत आले, ते उगाच नव्हे. पितळखोऱ्याजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला आणि त्याला दाने मिळाली, असे तो सांगतो. ग्रंथ टिकायचा तर तो शिकविणारा हवा आणि शिकविणाऱ्याच्या पोटाची सोय हवी, हे आमच्या या मुलखाला आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. बौद्ध ग्रंथांच्या बाबतीत ती साखळी इकडे केव्हाच तुटली होती.

ती पुन्हा जोडली धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यातल्या साखवाळचा, नारळीच्या बागा सांभाळणारा, बेताच्या शालेय शिक्षणाचा आणि उदास मनाचा हा तरुण. त्याने बुद्धाचे चरित्र प्रथम वाचले ते 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात, आणि हे मासिक चालवीत होते ख्रिस्ती मिशनरी! १८९९ च्या अखेरीस कोसंबींनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी येथे संस्कृत झाले. नेपाळात बौद्ध धर्म सापडेल म्हणून तेथवर गेले आणि निराश होऊन परतले. बुद्धगयेस कळले की पाली शिकावयाची तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते शिकले, १९०२ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानाचा अभ्यासही केला. हे सारे त्यांनी 'निवेदन' या १९२४ च्या आत्मकथनात सांगितले आहे. मराठीतील आत्मचरित्रांचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी हे पुस्तक टाळू नये. मनःशांतीच्या शोधात निघालेल्या माणसाची सात वर्षे प्रामुख्याने व्याकरण, वर्गणी आणि आगगाडीची भाडी यांत जातात, हे मौजेचे तसेच बोधक आहे. शांतीच्या वाटेवर एक अख्खी भाषा आडवी आली, आणि कोसंबींनी तिला वळसा घातला नाही.

परत आल्यावर सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रातील एखाद्या शहरात राहावे आणि मराठीत पुस्तके लिहावीत. पाटणच्या मठाचीच ही नवी आवृत्ती म्हणावयाची.

कोसंबींवर विश्वास का ठेवावा? ते भिक्षू होते म्हणून नव्हे, किंवा हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी गेले म्हणूनही नव्हे. कारण 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या त्यांच्या ग्रंथात पाहावे. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी या चार दर्शनांमुळे सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा सर्वांस पाठ आहे. कोसंबी दाखवितात की 'महापदानसुत्ता'त ही कथा विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून येते. गौतमाच्या चरित्राला ती मागाहून जोडली गेली. मग ते 'सुत्तनिपाता'तील 'अत्तदंडसुत्ता'कडे वळतात. तेथे वैराग्याचे कारण निराळेच आहे. आटत्या पाण्यातल्या माशांप्रमाणे एकमेकांवर उठणारी शस्त्रधारी माणसे पाहून वाटलेले ते भय आहे. याचा संबंध ते शाक्य-कोलियांच्या कलहाशी लावतात. सुत्त काय म्हणते, अट्ठकथा काय म्हणते आणि माझा तर्क कोठून सुरू होतो, हे तिन्ही सांधे ते वाचकास उघडे दाखवितात. आमच्या मते विश्वासार्हतेची खरी खूण हीच.

हाच धागा बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नेला. त्यांनाही बुद्ध प्रथम भेटला तो मराठीतच. मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चार दर्शनांची कथा नाकारून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हेच गृहत्यागाचे कारण म्हणून उभे केले आहे. पांझरेकाठच्या फडांवर पाण्याच्या पाळ्या पाहिलेल्या आणि पाटकऱ्याचा शब्द का पाळावा लागतो हे जाणणाऱ्या धुळ्याच्या वाचकास हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. तथापि सांधा येथेही दिसला पाहिजे. पाली परंपरेत रोहिणीचा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे, आणि तो बुद्ध मिटवितो. बाबासाहेबांची मांडणी ही विसाव्या शतकातील एका महान वाचकाची पुनर्रचना आहे. ज्यांचे दुःख केवळ आतले नव्हते, गावाने आणि पाणवठ्याने दिलेले होते, त्यांच्यासाठी ती केली गेली. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर वर्षी ३१ जुलैला बाबासाहेबांच्या वास्तव्याच्या स्मरणार्थ जे लोक जमतात, त्यांच्या लेखी मनःशांती आणि मानमर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. धम्म केवळ 'ताणमुक्ती' म्हणून शिकविणाऱ्यांस हे बहुधा दिसत नाही.

विश्वासाचा प्रश्न खुद्द बुद्धालाही विचारला गेला होता. केसपुत्त गावच्या कालामांची तक्रार अशी की, येणारा प्रत्येक श्रमण आपलेच खरे म्हणतो. 'अंगुत्तरनिकाया'तील या सुत्ताचा पूर्वार्ध आज भिंतीभिंतीवर दिसतो: परंपरा म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. उत्तरार्ध मात्र गळतो. केवळ तर्काला पटले म्हणूनही मानू नका, आणि आपला गुरू आहे म्हणूनही नको. आचरणाने हित होते की अहित हे पाहा, आणि जाणते त्याची निंदा करतात की प्रशंसा, तेही पाहा. थोडक्यात, 'मला वाटते ते खरे' अशी सूट येथे मुळीच नाही.

राहिला अभ्यास. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीस दहा दिवसांची शिबिरे होऊ लागली. भुसावळ-जळगावकडून मुंबईस जाणाऱ्या रुळांवरच ते गाव आहे. धुळ्याजवळही आता 'धम्म सरोवर' हे केंद्र आहे. तेथे शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सारे चालते. बाजार मांडलेल्या अध्यात्माच्या काळात हे लहान प्रमाण नव्हे. ही पद्धत जशीच्या तशी बुद्धाची, असे तेथे सांगितले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे लक्षात ठेवावे की तिची ज्ञात गुरुपरंपरा ब्रह्मदेशातील लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यापर्यंत जाते. त्यापलीकडचे सारे श्रद्धेचे आहे. म्हणून पद्धत खोटी ठरत नाही. मात्र दहा दिवसांचे मौन ग्रंथवाचनाची जागा घेऊ शकत नाही, आणि नुसते वाचनही मौनाची जागा घेणार नाही.

पालीचे म्हणाल, तर ती धास्ती बाळगण्याजोगी भाषा नाही. आपला चिमणराव ज्यांनी निर्मिला ते चिं. वि. जोशी बडोद्यास पाली शिकवीत असत, आणि त्यांनी पालीचे पाठ्यपुस्तकही लिहिले. मराठी आणि पाली या दोहोंना ३ ऑक्टोबर २०२४ या एकाच दिवशी अभिजात दर्जा जाहीर झाला. मराठीच्या वाट्याला आलेला उत्सव आम्ही पाहिला; पालीचा वर्ग किती महाविद्यालयांत निघाला, हेही कोणी विचारावे.

आणखी एक. जो खरोखरच आजारी आहे, ज्याची झोप-भूक गेली आहे, त्याने दीर्घ मौनाच्या शिबिरात आधी शिरू नये. केंद्रेही प्रवेशअर्जात मनोविकाराची चौकशी करतात ती त्यासाठीच. त्याने आधी वैद्य गाठावा. पितळखोऱ्याच्या एका लेण्यात दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत वच्छीपुत्र मागिल नावाचा एक गृहस्थ आहे, आणि त्याच्या मुलाचे व मुलीचेही दान तेथे नोंदलेले आहे. मागिल राजवैद्य होता.