मधल्या हातावाचून संभाषण

नभोवाणी म्हटली की एकाने बोलावे आणि हजारोंनी ऐकावे, अशीच आपली समजूत असते. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी अवघ्या ३० वॅट शक्तीचे जे केंद्र उभारले, ते याच प्रकारचे होते. ‘आकाशवाणी’ हे नाव प्रथम त्यालाच लाभले, आणि १९५५ साली ते केंद्र बेंगळुरूस आले.

परंतु बिनतारी विद्येची दुसरीही एक शाखा आहे. तीत वक्ता आणि श्रोता हा भेदच नाही. ‘हॅम’ या नावाने ओळखले जाणारे हौशी चालक परस्परांशी थेट बोलतात. मध्ये तारघर नाही की टेलिफोनचे एक्स्चेंज नाही. सरकारी परवाना, स्वतःची संकेतसंज्ञा आणि दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबण्याची शिस्त, एवढेच त्यांचे भांडवल. राज्यकर्त्यांना असा मोकळेपणा नेहमीच मानवतो असे नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने या चालकांची प्रक्षेपणयंत्रे जमा करून घेतली. उलट, १९९३ साली लातूरच्या भूकंपानंतर हेच हौशी लोक संदेशवहनासाठी धावून आले.

या परंपरेला बेंगळुरूने एक उपग्रह दिला. तेथील इस्रोच्या केंद्रात घडलेला, सुमारे ४२ किलो वजनाचा ‘हॅमसॅट’ ५ मे २००५ रोजी अवकाशात गेला. त्यावरील संदेश परतवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक भारतीय हौशींच्या सहकार्याने, तर दुसरे नेदरलंड्समधील एका विद्यार्थ्याने सिद्ध केले होते. २०१४ पर्यंत तो आरशासारखा वागला: आलेला शब्द परत पाठवी, दाम मागत नसे.

२००३ साली निघालेल्या स्काइपने हेच तत्त्व घरोघर नेले. नावनोंदणी कंपनीकडे असली, तरी ग्राहकांचेच संगणक एकमेकांची संभाषणे वाहून नेत. परदेशी मुलांशी बोलणाऱ्या आईवडिलांना आपले यंत्र परक्याचाही भार वाहते आहे, याची कल्पना नसे. २०१२ साली हा भार मायक्रोसॉफ्टने आपल्या यंत्रांवर घेतला, आणि मे २०२५ मध्ये एका मालकाच्या निर्णयाने ती सेवाच संपली.

मधला हात सोय देतो, तसाच तो मागेही घेतला जाऊ शकतो. हॅम मंडळींचे बोलणे मात्र चालूच आहे, कारण त्यांतील प्रत्येकाने आपले यंत्र आणि ते चालविण्याची विद्या आपल्याच हाती ठेवली आहे.