रेखांश-साठवण (जाळीबद्ध उपग्रह-माहितीतील)

पाऊस, समुद्रपृष्ठाचे तापमान अशी उपग्रहांकडून मिळालेली माहिती पृथ्वीवर अंशांची जाळी आखून तिच्या चौकोनांत भरली जाते. जाळीचा कोणता स्तंभ कोणत्या रेखांशावर आहे, हे फाइलमधील एक स्वतंत्र अंकमालिका सांगते. रेखांश वर्तुळात फिरतात, मालिकेला मात्र आरंभ आणि शेवट लागतो. म्हणून ते वर्तुळ कुठेतरी तोडावेच लागते.

नासाच्या ‘आयमर्ग’ पर्जन्य-माहितीत ते १८०° रेखांशावर तुटते : ०.१ अंशाचे ३,६०० स्तंभ, −१७९.९५ पासून १७९.९५ पर्यंत. पूर्व धन, पश्चिम ऋण ही रीत १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ठरवलेली. अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेची समुद्र-तापमानाची जाळी मात्र ग्रिनिचपाशी तुटते. तिचे १,४४० स्तंभ ०.१२५ ते ३५९.८७५ असे जातात. त्यामुळे प्रशांत महासागर अखंड राहतो. एल निन्योच्या अभ्यासातला ‘निन्यो ४’ हा पट्टा १६०° पूर्व ते १५०° पश्चिम असा पसरलेला असल्याने ही सोय मोठीच आहे.

भारत पूर्व गोलार्धात असल्यामुळे त्याचे रेखांश दोन्ही रीतींत सारखेच येतात, आणि नेमकी तिथेच चूक लपून राहते. एका रीतीतून दुसरीत जाताना ऋण अंकांत ३६० मिळवणे पुरत नाही. मालिका चढती राहावी म्हणून स्तंभांचा क्रम बदलावा लागतो आणि त्यांच्याबरोबर माहितीही हलवावी लागते. आयमर्गची माहिती जागच्या जागी ठेवून फक्त ०.०५ ते ३५९.९५ ही नवी मालिका लावली, तर मुंबईचा पाऊस मेक्सिकोजवळच्या समुद्रात पडलेला दिसेल. सांध्यावरची सरासरीही अशीच फसवी : ३५९.८७५ आणि ०.१२५ यांचा मध्य गणिताने १८० येतो, प्रत्यक्षात तो ० असतो.

दिलेला अंक चौकोनाच्या मध्याचा की कडेचा, हेही फाइलने सांगितले पाहिजे. पाव अंशाच्या जाळीत या गोंधळाने मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १३ किमीचा फरक पडतो. किनाऱ्यावर तेवढ्याने जमिनीचा समुद्र होतो. हवामान-माहितीच्या फाइलींसाठी ठरलेल्या ‘सीएफ’ संकेतांत चौकोनांच्या सीमा वेगळ्या नोंदवण्याची तरतूद आहे. ‘डिग्रीज_ईस्ट’ हे एकक आणि रिकामी जागा नसलेली, एकाच दिशेने चढणारी किंवा उतरणारी मालिका याच संकेतांनुसार ठेवतात.

३२ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट संख्येत १२८ ते २५६ अंशांदरम्यान लगतच्या दोन मूल्यांत विषुववृत्तावर सुमारे १.७ मीटरचे अंतर पडते. जाळीसाठी एवढी अचूकता पुरेशी आहे, तरीही १७९.९५ तंतोतंत साठवता येत नाही. म्हणून स्तंभ शोधताना समानता तपासू नये, सर्वांत जवळचे मूल्य घ्यावे.

नासाच्या ‘मोडिस’ या उपग्रहावरील उपकरणाच्या सायनुसॉइडल जाळीत एकाच स्तंभाचा रेखांश ओळीगणिक बदलतो. तिथे एकेरी मालिका पुरत नाही, प्रत्येक चौकोनाचा रेखांश द्विमितीय कोष्टकात ठेवावा लागतो किंवा प्रक्षेपणाच्या सूत्राने काढावा लागतो.