२०,८०८ तास

२३ सप्टेंबर १८९६. मुंबईत प्लेग शिरल्याचे या दिवशी उघड झाले. हा क्षण शून्य धरून घड्याळ मागे फिरवले, की एकच गोष्ट ठळक दिसते. इशारा मिळाला होता आणि वेळही हाताशी होता.

उरले २०,८०८ तास : १० मे १८९४, हाँगकाँग
ब्रिटिश सरकार हाँगकाँग हे प्लेगग्रस्त बंदर असल्याचे जाहीर करते. रोग्यांना ‘हायजिया’ या तरंगत्या इस्पितळात हलवले जाते. गोरे सैनिक घराघरात शिरून झडती घेतात, चुना फासतात. घाबरलेले चिनी रहिवासी हजारोंनी होड्यांत बसून कँटनची वाट धरतात. त्या वर्षी तिथे सुमारे अडीच हजार माणसे दगावली.

उरले १९,८२४ तास : २० जून १८९४, हाँगकाँग
इस्पितळाच्या आवारातल्या गवती झोपडीत जंतुशास्त्रज्ञ अलेक्झांद्र येर्सँ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला आहे. मृताच्या गाठीतल्या द्रवात त्याला प्लेगचे जंतू दिसतात. शहरात मरून पडलेल्या उंदरांतही तेच जंतू सापडतात, आणि तो ते लिहून ठेवतो. जपानी शास्त्रज्ञ कितासातोही याच शोधात आहे. प्लेगशी लढायला लागणारा सर्वांत मोलाचा धागा इथे हाती आला.

मधले तास : समुद्रावर
मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जाते, तिकडचा माल मुंबईला येतो. संशयित जहाजावर पिवळा झेंडा चढतो. डॉक्टर माणसांना रांगेत उभे करून ताप बघतात, काख-जांघ चाचपतात. जहाजाच्या तळातल्या पोत्यांमधला उंदीर कोणी मोजत नाही. जहाज धक्क्याला बांधले, की तो दोरावरून जमिनीवर उतरतो.

उरले सुमारे १,००० तास : ऑगस्ट १८९६, मुंबईची मांडवी
धक्क्याजवळच्या धान्याच्या गोदामांत उंदीर मरून पडू लागतात. गल्ल्यांत तापाचे रोगी वाढतात. येर्सँची नोंद छापून दोन वर्षे झाली आहेत.

शून्य : २३ सप्टेंबर १८९६
गोव्यातल्या हडफडे गावचे डॉ. आकासियो व्हिएगस मांडवीत रोगी तपासतात. ताप आणि सुजलेल्या गाठी पाहून ते ठामपणे सांगतात, हा प्लेग आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो हाँगकाँगहून जहाजानेच आला.

शून्यानंतर ३,२१६ तास : ४ फेब्रुवारी १८९७
साथरोग कायदा मंजूर होतो. जहाजे तपासण्याचा, अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळतो. याच महिन्यात मुंबईहून हजला जाणाऱ्या जहाजांवर बंदी येते. तोवर शहरातली लाखो माणसे गावी पळाली आहेत आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला आहे.

४,२४८ तास : १९ मार्च १८९७, व्हेनिस
प्लेगसाठीच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत करार होतो. माणसांना दहा दिवस निगराणीखाली ठेवण्याची मुदत ठरते. उंदीर अजूनही नियमांबाहेर.

१४,८०८ तास : २ जून १८९८, कराची
फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों पिसवांसह एक आजारी उंदीर बरणीत ठेवतो आणि निरोगी उंदराचा पिंजरा वर टांगतो. दोघांचा स्पर्श होत नाही, तरी काही दिवसांत वरचाही मरतो. प्लेग पिसू वाहून नेते हे त्याला उमगते, पण वैद्यकविश्व वर्षानुवर्षे विश्वास ठेवत नाही. दरम्यान प्लेग १८९९ मध्ये कोबेला आणि १९०० मध्ये सिडनीला पोचतो.

१९०३, पॅरिस
जहाजांवरचे उंदीर मारण्याची कलमे अखेर आंतरराष्ट्रीय करारात येतात. येर्सँच्या नोंदीला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. हिंदुस्थानात पुढच्या दोन दशकांत बळींचा आकडा एक कोटीच्या घरात गेला.

दोष एकट्या उंदराचा नव्हता. प्रयोगशाळेत कळलेली गोष्ट धक्क्यावर पोचायला नऊ वर्षे लागली, हा माणसांचा दोष होता. कधी बंदरात गेलात, तर जहाजाच्या दोरावर अडकवलेली पत्र्याची गोल चकती नीट पाहा. ती उंदीर अडवण्यासाठी असते. १८९४ मध्येही तेवढा पत्रा प्रत्येक बंदरात होता.