मतदार यादी, जन्म दाखला आणि घुसखोरीचा आरोप : मालेगाव प्रकरणावरून समजून घ्या

नाशिक : निवडणूक जवळ आली की जिल्ह्यात कांदा, पाणी, रस्ते यांच्या जोडीला आणखी एक विषय निघतो. बांगलादेशी घुसखोर आणि मतदार यादी. पारावर, टपरीवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर बोलणारे भरपूर आहेत. पण यादीत नाव येतं कसं, निघतं कसं आणि कायदा काय म्हणतो, हे सांगणारे कमी. ती माहिती इथे एका जागी दिली आहे.

मालेगावात काय घडलं?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपचे डॉ. सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव केला. या मतदारसंघात आपल्या जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे विधानसभा मतदारसंघ येतात. एकट्या मालेगाव मध्यने बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि तिथेच निकाल फिरला.

त्यानंतर भाजप नेते किरीट सोमय्या यांनी आरोप केला की, मालेगावात बांगलादेशी आणि रोहिंग्यांना उशिराच्या नोंदीचे जन्म दाखले वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले, खोटी कागदपत्रं जोडल्याचे गुन्हे दाखल झाले. शहरातल्या स्थानिक नेत्यांनी घुसखोरीचा आरोप फेटाळला. नागरिकत्वाच्या कागदांची भीती असल्यामुळेच लोकांनी दाखल्यांसाठी गर्दी केली, असं त्यांचं म्हणणं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. दाखला देताना नियम मोडला गेला, ही एक गोष्ट. दाखला घेणारा परदेशी आहे, ही दुसरी. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. तसंच एखाद्या भागात एकगठ्ठा मतदान झालं, हाही बोगस मतदाराचा पुरावा नव्हे. एकगठ्ठा मतदान आपल्या कितीतरी गावांत होतं.

दाखल्याचा नियम

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्षाच्या पुढे उशीर झाला तर पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. काम कोर्टातून तहसीलला आलं आणि अर्ज वाढले. मालेगाव प्रकरणानंतर सरकारने राज्यभर असे दाखले देणं थांबवलं. मार्च २०२५ मध्ये महसूल आणि पोलीस पडताळणीची कडक पद्धत आणली.

याचा फटका फक्त मालेगावला बसला नाही. पेठ, सुरगाण्यात घरीच बाळंतपण झालेली, कुठेच नोंद नसलेली माणसं आहेत. द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी, निफाडला येणाऱ्या मजुराला पोराच्या दाखल्यासाठी चार रोज बुडवणं परवडत नाही. नियम कडक झाला की खोटा कागद करणारा अडतो, तसा हा माणूसही अडतो.

मतदार कोण होऊ शकतो?

संविधानाच्या कलम ३२६ प्रमाणे १८ वर्षं पूर्ण झालेला भारतीय नागरिक. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ सांगतं की नागरिक नसलेल्याचं नाव यादीत येऊ शकत नाही. नाव घालताना खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

पण नमुना ६ भरताना कागद लागतात ते वयाचे आणि पत्त्याचे. नागरिकत्वाबद्दल अर्जदार स्वतः लिहून देतो. कच्चा दुवा इथेच आहे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. जन्म दाखलाही दर वेळी पुरत नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला सर्वसाधारणपणे जन्माने नागरिक, त्यानंतर आई-वडिलांचं नागरिकत्वही पाहिलं जातं.

निकालावर परिणाम कसा होतो?

दोन वाटांनी. पहिली सरळ आहे. अपात्र नाव यादीत घुसलं आणि त्याने मत टाकलं, तर चुरशीच्या लढतीत फरक पडू शकतो. २०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती मोहम्मद इस्माईल केवळ १६२ मतांनी निवडून आले. एवढ्या फरकात मेलेली, दुबार, स्थलांतरित अशी प्रत्येक चुकीची नोंद महत्त्वाची ठरते.

दुसरी वाट आरोपाची. संशय पसरला की एका बाजूचे मतदार रागाने आणि दुसऱ्या बाजूचे भीतीने एकवटतात. मग कांद्याचा भाव आणि यंत्रमागाचं वीजबिल दोन्ही मागे पडतात.

बिहारचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तिथे २०२५ मध्ये यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. आयोगाने दिलेली कारणं मयत, कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले आणि दुबार अशी होती. म्हणजे यादीतला मोठा घोळ नोंदी वेळेवर न बदलल्याचा होता.

उलट बाजूही आहे. जून २०२५ मध्ये मुंबई भागातून पकडून बांगलादेशात ढकललेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीयच निघाले. त्यांना परत आणावं लागलं.

संशय असेल तर काय करायचं?

• त्याच मतदारसंघातला मतदार नमुना ७ भरून हरकत घेऊ शकतो. खोटी हरकत घेणाऱ्यालाही कलम ३१ लागू होतं.

• नाव काढण्याआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांच्या प्रकरणात, लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हे स्पष्ट केलं. नाव आधीपासून यादीत असेल तर त्यालाही वजन द्यावं लागतं.

• निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील. तिथेही नाही जमलं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

• पत्ता बदलला किंवा नोंदीत चूक असेल तर नमुना ८. घरातलं माणूस गेलं असेल तर नमुना ७.

बीएलओ गावात आला की यादी मागून वाचा. कामासाठी बाहेरगावी असलेल्यांची नावं त्यांच्या घरच्यांनी तपासावीत. मतदानाच्या दिवशी नाव सापडलं नाही, तर त्या दिवशी काहीच करता येत नाही.