डिफ, डीएनए आणि कुवेत

कुवेतमध्ये नोकरी करतो म्हटलं की गावाकडे सगळ्यांना वाटतं हा तेलाच्या विहिरीवर असणार. तेलाशी माझा संबंध गाडीत पेट्रोल भरण्यापुरता. बाकी दिवसभर मी एसी खोलीत काळ्या पडद्यासमोर बसून कमांड टाइप करत असतो. बायकोच्या मते हे पीएचडी केलेल्या माणसाला शोभत नाही. असो.

या कमांडपैकी माझी सर्वांत लाडकी म्हणजे 'डिफ'. रात्री कुणीतरी सर्व्हरची एखादी फाइल 'जरा सुधारतो' आणि सकाळी काहीतरी बंद पडलेलं असतं. अशा वेळी कालची आणि आजची फाइल डिफच्या हवाली करायची. ही ओळ नवीन, ही गाळली, ही बदलली, असं ती मुकाट सांगते. आज लिहायचं आहे ते या डिफच्या भाऊबंदांबद्दल. हे भाऊबंद सर्व्हरच्या खोलीतून निघून डीएनएच्या प्रयोगशाळेत कसे गेले, आणि कुवेतमध्ये त्यावरून एक कायदा कसा झाला आणि कसा मोडला, त्याची ही गोष्ट.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. 'अहमदनगर' हे नाव घ्या (आता अहिल्यानगर, पण मला जुनं नाव उदाहरणापुरतं हवं आहे). बोलताना लोक 'अमदनगर' म्हणायचे. दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून अक्षरं जुळवा. अ खाली अ जुळला. पुढे ह खाली म, म खाली द, द खाली न... एकही जुळत नाही. म्हणजे हे शब्द वेगळे? आपल्याला तर दिसतंय की फक्त 'ह' गळलाय. दुसऱ्या शब्दात अ नंतर एक रिकामी जागा सोडली की उरलेली सगळी अक्षरं एकाखाली एक येतात. रिकाम्या जागा कुठे सोडल्या की जास्तीत जास्त अक्षरं जुळतील, एवढाच तो प्रश्न. सात अक्षरांत तो डोळ्यांनी सुटतो, सात हजारांत नाही.

१९७० साली शिकागोत सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी प्रथिनांच्या साखळ्या जुळवण्यासाठी याचं उत्तर छापलं. चौकटींचा तक्ता आखायचा, एक साखळी वर आडवी, दुसरी बाजूला उभी, आणि एकेक चौकट भरत जायची. काही वर्षांतच न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकइलरॉय युनिक्ससाठी डिफ लिहीत होते. तिथे अक्षरांच्या जागी फाइलच्या ओळी होत्या. १९७४ च्या युनिक्समध्ये डिफ आली आणि १९७६ मध्ये जेम्स हंट यांच्याबरोबर त्यांनी तिची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. एका बाजूला प्रथिनं, दुसऱ्या बाजूला प्रोग्रामच्या फाइली, आणि मुळात कोडं तेच! फरक इतकाच की जीवशास्त्रज्ञ गुण देतो. हा बदल चालण्यासारखा, तो महागडा, रिकाम्या जागेला एवढा दंड. डिफला असले लाड माहीत नाहीत. ओळ तीच आहे किंवा नाही.

आता माझा आवडता भाग. ॲरिझोनातल्या टूसॉनला वेब मिलर आणि जीन मायर्स नावाचे दोन संगणकशास्त्रज्ञ होते. १९८५ साली दोघांनी मिळून फाइली जुळवण्याच्या प्रोग्रामवर निबंध लिहिला. पुढच्या वर्षी मायर्सनी एकट्याने आणखी वेगवान रीत दिली. आज गिट वापरणारा पुण्यातला किंवा हिंजवडीतला कुठलाही मुलगा 'काय बदललं' असं विचारतो, तेव्हा मुळात हीच रीत चालते. हेच दोघे १९९० साली आल्टशूल, गिश आणि लिपमन यांच्याबरोबर 'ब्लास्ट'च्या निबंधावर आहेत. ब्लास्ट म्हणजे अनोळखी डीएनए हातात आला की जगभरच्या साठ्यात त्याचे नातेवाईक शोधून देणारा प्रोग्राम. जीवशास्त्रात सर्वांत जास्त वापरलेल्या साधनांत त्याची गणना होते. ऑफिसातल्या फाइलींचा फरक दाखवणारी डोकी आणि जनुकांचे नातेवाईक शोधणारी डोकी तीच होती, हे मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून डिफकडे बघायची माझी नजरच बदलली.

दुसरा भाऊबंद आणखी मजेशीर आहे. सर्व्हरवरचे जुने लॉग आम्ही 'बीझिप-टू'ने दाबून ठेवतो. त्याच्या पोटात १९९४ सालची बरोज आणि व्हीलर यांची युक्ती आहे: मजकूर अशा रीतीने उलटापालटा करायचा की सारखी अक्षरं शेजारी येतात आणि फाइल लहान होते. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं. यंत्र ती शंभर-दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचतं. शंभर अक्षरांचा एक तुकडा नीडलमन-वुन्शच्या तक्त्यात बसवायचा तर ३०,००० कोटी चौकटी, आणि असे तुकडे कोट्यवधी. २००९ साली बोटाय आणि बीडब्ल्यूए हे प्रोग्राम आले. त्यांनी दाबण्याची तीच युक्ती शोधण्यासाठी वापरली, आणि साध्या लिनक्स सर्व्हरवर आख्ख्या माणसाचा डीएनए जुळवणं आवाक्यात आलं.

हे सगळं कुवेतच्या वेळेला बरं जमून आलं. इथे मधुमेहाचं प्रमाण फार. २००६ साली दसमान भागात खास मधुमेहासाठी संशोधन संस्था उघडली. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये २७३ कुवेती नागरिकांच्या डीएनएमधल्या सुमारे पावणेसहा लाख जागा तपासून निबंध छापला. तीन गट निघाले: इराणकडून आलेले, सौदी टोळ्यांतले शहरवासी आणि तंबूत राहणारे बदाऊनी. आडनावांवरून जी वाटणी झाली असती, तिच्याशी हे गट बऱ्यापैकी जुळले. बदाऊनी गटात आफ्रिकी वारसा सुमारे १७ टक्के. वाळवंट आणि समुद्र यांच्या मधलं हे बंदर. (१९६१ पर्यंत इथे रुपया चालायचा आणि इथले मोती मुंबईला विकायला यायचे, हे आपल्याकडे किती जणांना आठवतं?)

२०१५ मध्ये इराणी मुळाच्या एका कुवेती व्यक्तीचा संपूर्ण डीएनए प्रसिद्ध झाला. प्रत्येक जागा सरासरी ३७ हून अधिक वेळा वाचलेली. एका अक्षराचे फरक सुमारे ३५ लाख ७० हजार, गळलेल्या किंवा घुसलेल्या अक्षरांचे फरक सुमारे चार लाख. यातले जवळजवळ ८६ हजार फरक आधी कुठेच नोंदलेले नव्हते. पण फरक कुणाशी? डिफला दुसरी फाइल लागतेच. जगभर ती 'दुसरी फाइल' म्हणजे मानवी संदर्भ जनुकसंच, आणि तेव्हा त्याचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका निनावी माणसाचा होता. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आलेला रक्तदाता. आपण मराठी माणसंही उद्या डीएनए वाचून घेतला तर त्याच्याच मापाने मोजले जाणार होतो!

त्याच २०१५ साली २६ जूनला, रमजानच्या शुक्रवारी, कुवेत शहरातल्या इमाम सादिक मशिदीत बॉम्बस्फोट झाला. २७ माणसं गेली. आठवडाभरात संसदेने ७८ क्रमांकाचा कायदा केला: देशातल्या प्रत्येकाने डीएनए द्यायचा. सुमारे १३ लाख नागरिक, २९ लाख परदेशी, शिवाय पाहुणे. नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैद आणि १० हजार दिनारपर्यंत दंड. सगळ्या देशाला असं बांधणारा हा जगातला पहिला कायदा. परदेशी रहिवाशांत सर्वांत मोठा समाज भारतीयांचा. तेव्हा मी जर्मनीत शिकत होतो. कुवेतमधल्या नातेवाइकांना विचारलं तर म्हणाले, "रक्ताचा रिपोर्ट देतोच की व्हिसासाठी, त्यातलाच एक."

त्यातला एक नव्हे. पोलिसी डीएनएत आख्खी साखळी लागत नाही. वीसेक ठरावीक जागी एक छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ येतो, ते मोजतात. आईकडून एक आकडा, वडिलांकडून एक, म्हणजे माणशी चाळीसेक आकडे. त्याला बारा आकडी सिव्हिल आयडी जोडा. एका माणसाची ओळ दीडशे अक्षरांच्या आत. ४२ लाख माणसांची फाइल साधारण ६०० एमबी, म्हणजे जुन्या एका सीडीवर मावेल एवढी! त्यात गुन्हेगाराचे आकडे शोधायला 'ग्रेप'ची एक ओळ आणि काही सेकंद. पण बाप-लेकांचा प्रत्येक जागी निदान एक आकडा सारखा असतो. मग 'हा खरंच याचा मुलगा का' हे विचारायलाही 'ऑक'च्या दहा ओळी पुरतात. आणि ती फाइल उघडण्याचा अधिकार असलेला माझ्यासारखा कुणीतरी सिस्टीम ॲडमिन प्रत्येक ऑफिसात असतोच.

कुवेतमध्ये नागरिकत्व वडिलांकडून येतं आणि 'बिदून' म्हणवले जाणारे नागरिकत्व नसलेले हजारो लोक इथे राहतात. त्यामुळे ही दहा ओळींची भीती काल्पनिक नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने आक्षेप घेतला, युरोपातल्या जनुकशास्त्रज्ञांनी पत्रं लिहिली. कुवेती वकील आदिल अब्दुलहादी यांनी घटनात्मक न्यायालयात आव्हान दिलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये खुद्द अमिरांनी कायद्याची व्याप्ती पुन्हा तपासायला सांगितली, आणि ५ ऑक्टोबर २०१७ ला न्यायालयाने तो रद्द केला. कारण दिलं ते व्यक्तिस्वातंत्र्याचं आणि खासगी आयुष्याचं.

दसमानचं संशोधन चालू राहिलं. तिथे नमुना देणाऱ्याची सही घेतात. माझ्याकडून इथे आल्यावर दहा बोटांचे ठसे घेतले गेले, २०२४ पर्यंत बायोमेट्रिक नोंदणी सगळ्यांनाच सक्तीची झाली. थुंकी मात्र अजून कुणी मागितलेली नाही.