वजन उतरवणं आणि उतरलेलं राखणं

१८६२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्यम बँटिंगचं वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो होतं. उंची पाच फूट पाच इंच, वय पासष्टीच्या पुढचं. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्या-घोट्यांना हादरे बसू नयेत म्हणून जिना उलट्या पावलांनी, सावकाश उतरावा लागे. माणूस खाऊनपिऊन सुखी होता. राजघराण्याच्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणारी पेढी त्याच्या घराण्याची. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेचं कामही तिच्याकडे होतं.

वजन कमी व्हावं म्हणून त्याने काय करायचं ठेवलं होतं? पहाटे नाव वल्हवली; दंड भरले, पण भूक सपाटून लागायला लागली. घोड्यावर बसला, समुद्रस्नानं केली, तुर्की हमामात घाम गाळला, औषधं रिचवली. काटा काही हलेना.

पुढे कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा तो कानाचे डॉक्टर विल्यम हार्वी यांच्याकडे गेला. हार्वींनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. त्यांनी बँटिंगचा पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद केला. मांस, मासे, भाजी आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा चालू ठेवला. क्लॅरेट वाइनच्या दोन-तीन पेल्यांनाही मनाई नव्हती! वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरलं आणि कंबरेचा घेर बारा इंचांहून अधिक कमी झाला. १८६३ मध्ये बँटिंगने ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ ही पुस्तिका पदरचे पैसे घालून छापली आणि फुकट वाटली. डॉक्टर मंडळींनी नाकं मुरडली. लोकांनी मात्र ती उचलून धरली. बँटिंग १८७८ साली, ८१ व्या वर्षी वारला.

लोकांनी त्याच्याकडून पथ्याची यादी घेतली. नवं ताट त्याने वर्षभर सोडलं नाही, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढची शंभर वर्षं एकामागून एक पथ्यं आली. त्यांचं फलित काय, हे १९५९ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड आणि मॅव्हिस मॅक्लॅरन-ह्यूम यांनी मोजलं. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात उपचार घेतलेल्या १०० जणांपैकी फक्त १२ जणांचं वजन २० पौंडांनी उतरलं होतं. दोन वर्षांनी पाहिलं, तर ते टिकवणारे उरले होते दोघे.

दोनच वर्षांनी त्याच शहरातल्या जीन निडेच या गृहिणीला ओळखीच्या बाईने विचारलं, “कितवा महिना?” जीनला दिवस गेलेले नव्हते, वजन २१४ पौंड, म्हणजे ९७ किलो होतं. महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यातून तिने पथ्य आणलं, वजन उतरू लागलं, पण चोरून बिस्किटं खाणं सुटेना आणि ते डॉक्टरांना सांगायची लाज वाटे. मग तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे बिस्किटांची कबुली देऊन टाकली. त्यांचीही आपापली बिस्किटं निघालीच. दर आठवड्याला भेटायचं, वजन करायचं, मोकळेपणाने बोलायचं, असा शिरस्ता पडला. १९६२ च्या ऑक्टोबरपर्यंत जीन १४२ पौंडांवर आली. १९६३ मध्ये याच बैठकांतून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. ठरलेलं वजन गाठलेल्या सभासदाचं महिन्याचं वजन त्या आकड्याच्या दोन पौंडांच्या आत राहिलं, तर त्याला फी माफ, असा तिचा नियम होता. वजन राखण्यालाही बक्षीस असावं, हे यातून मोठ्या प्रमाणावर रुजलं. १९७८ साली टोमॅटो केचपवाल्या हाइन्झ कंपनीने हा धंदा विकत घेतला, हा भाग वेगळा.

अपयशाची मोजदाद झाली होती, यशाची बाकी होती. १९९४ मध्ये रिना विंग आणि जेम्स हिल या अमेरिकी संशोधकांनी ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’ सुरू केली. किमान ३० पौंड उतरवून ते निदान वर्षभर राखलेल्यांनाच तीत प्रवेश होता. नावं दहा हजारांवर गेली. वजन कसं उतरवलं, याच्या तऱ्हा अनेक निघाल्या. जवळपास निम्म्यांनी तर कुठल्याही कार्यक्रमाशिवाय, स्वतःच्या बळावर उतरवलं होतं. राखण्याच्या सवयी मात्र बऱ्याच सारख्या होत्या. ७८ टक्के लोक रोज न्याहारी करत. ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहत. ६२ टक्क्यांचा टीव्ही आठवड्याला दहा तासांच्या आत होता. ९० टक्के रोज सरासरी तासभर व्यायाम करत आणि त्यात सर्वांत जास्त पसंती साध्या चालण्याला होती.

याच नोंदींतून आणखी एक गोष्ट समोर आली: उतरलेलं वजन दोन ते पाच वर्षं राखलं, की ते पुढेही टिकण्याची शक्यता बरीच वाढते.