आयर्लंडमधील संगणक-मंडळे : एका विद्यार्थी-कारभाराचा इतिहास

आयर्लंडमधील विद्यापीठांचा इतिहास लिहिताना ग्रंथालये, प्राध्यापक आणि पदवीदान-समारंभ यांचाच विस्तार बहुधा केला जातो. परंतु विद्यार्थ्यांनी स्वतः स्थापन केलेल्या, स्वतःच्या घटनेने बांधून घेतलेल्या आणि स्वतःच्या वर्गणीवर चालवलेल्या मंडळांचा एक समांतर इतिहास त्या देशात आहे. तो ध्यानात घेतल्यावाचून, 1990 नंतरच्या दशकात तेथील महाविद्यालयांत इंटरनेट-मंडळे का बहरली, आणि शेकडो सहाध्यायांचा खाजगी पत्रव्यवहार वीस वर्षांच्या तरुणांच्या हवाली करण्याचे धाडस तेथे कसे झाले, याचा उलगडा होत नाही.

ही परंपरा जुनी आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना एडमंड बर्कने 1747 मध्ये वादविवादासाठी एक छोटेखानी मंडळ काढले, आणि त्याचा वारसा सांगणारी ‘कॉलेज हिस्टॉरिकल सोसायटी’ 1770 मध्ये उभी राहिली. पुढे राष्ट्रेतिहासात ज्यांची नावे कोरली गेली ते वुल्फ टोन आणि रॉबर्ट एमेट हे दोघेही तिचे सभासद होते. कार्डिनल न्यूमन यांच्या प्रेरणेने 1855 मध्ये निघालेल्या ‘लिटररी अँड हिस्टॉरिकल सोसायटी’पुढे 1900 मध्ये अठराएक वर्षांच्या जेम्स जॉइसने नाट्यकलेवर निबंध वाचला. या मंडळांची कीर्ती वक्तृत्वासाठी असली, तरी त्यांची खरी देणगी निराळी होती : दरसाल निवडणूक, लिखित नियमावली, चिटणिसाचे इतिवृत्त, खजिनदाराचा हिशेब, आणि मुदत संपताच दप्तर नव्या पदाधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्याची शिस्त. हा सारा कारभार विद्यार्थी चालवीत, आणि महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यांशी खटके उडाले तरी आपला अखत्यार सहजासहजी सोडीत नसत.

संगणक या जगात आला तो मात्र कुलूपबंद दालनातून. ट्रिनिटीत 1962 मध्ये आय.बी.एम. 1620 हे यंत्र बसवले गेले, आणि प्राध्यापक जॉन बर्न यांच्या नेतृत्वाखाली 1969 मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तथापि असल्या महागड्या यंत्रांवर मोकळेपणाने बसण्याचा अधिकार त्या काळी मोजक्यांनाच असे. विद्यापीठांना परस्परांशी जोडणारे ‘एचईएनेट’ हे जाळे 1983 मध्ये आकारास आले. 1988 च्या जानेवारीत आयर्लंडला ‘.आयई’ हे स्वतःचे क्षेत्रनाम मिळाले आणि त्याची व्यवस्था पुढे 2000 सालापर्यंत युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनने सांभाळली. ट्रिनिटीतून 1991 मध्ये देशाचा इंटरनेटशी संबंध जडला. ज्या कॉर्कमध्ये जॉर्ज बूल 1849 पासून गणिताचा पहिला प्राध्यापक होता, त्याच कॉर्कच्या विद्यापीठात पीटर फ्लिन यांनी प्राचीन आयरिश वाङ्मयाच्या संग्रहासाठी, वेब अगदी बाल्यावस्थेत असतानाच, देशातला पहिला वेब-सर्व्हर चालू केला. सारांश, आयर्लंडचे इंटरनेट बाजारात रुजण्यापूर्वी विद्यापीठांच्या आवारात रुजले होते.

आवाराबाहेरची स्थिती अगदी वेगळी होती. घरच्या दूरध्वनीवरून इंटरनेटला जोडून घ्यावे तर मिनिटामिनिटाचा आकार चढे, आणि ठराविक मासिक रकमेत हवा तितका वेळ जोडणी मिळण्याची सर्वत्र सोय व्हायला 2003 साल उजाडावे लागले. त्यातच 1996 च्या सुमारास पदवीपूर्व शिक्षणाची शिकवणी-फी सरकारने रद्द केली आणि महाविद्यालयांत तरुणांची गर्दी वाढत राहिली. या मुलांना महाविद्यालयाकडून खाते मिळे ते अभ्यासापुरते. प्रयोग करावा, मोडतोड करून पाहावी, स्वतःचे पान जगापुढे मांडावे, असली मुभा त्यात क्वचितच असे. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यार्थ्यांनी आपल्या पूर्वजांचाच मार्ग अवलंबिला : त्यांनी मंडळ काढले.

डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी ही संस्था तशी अर्वाचीन. 1980 मध्ये ती विद्यार्थ्यांसाठी उघडली आणि 1989 मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा लाभला. तेथे 1996 मध्ये ‘रेडब्रिक’ हे नेटवर्किंग-मंडळ स्थापन झाले. ट्रिनिटी, युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन आणि कॉर्क येथील ‘नेटसॉक’, लिमेरिकचे ‘स्कायनेट’, मेनूथचे ‘माइंड्स’, गॉलवेचे ‘कॉम्पसॉक’ ही सारी त्याच गोत्रातली मंडळे. सत्रारंभी नवागतांच्या सप्ताहात इतर मंडळांच्या रांगेतच यांचेही मेज मांडलेले असे. नाट्यमंडळ आणि गिर्यारोहण-मंडळ यांच्याप्रमाणेच येथेही अल्पशी वर्गणी भरून नाव नोंदवायचे, आणि त्या बदल्यात एका यंत्रावर आपले खाते मिळवायचे.

त्या खात्याचे स्वरूप जरा जवळून पाहण्यासारखे आहे. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही संगणकावरून ‘टेलनेट’ने, आणि फिनलंडमध्ये 1995 साली जन्मलेल्या ‘एसएसएच’चा प्रसार झाल्यावर त्या अधिक सुरक्षित मार्गाने, मंडळाच्या युनिक्स यंत्राशी संधान बांधले, नाव आणि परवलीचा शब्द दिला, की काळ्या पडद्यावर एक सूचनापत्र उमटे : अमक्या दिवशी सभा, तमक्या रात्री यंत्र दुरुस्तीसाठी बंद. त्याखाली मिचमिचणारा कर्सर आज्ञेची वाट पाहत असे. ‘हू’ एवढी तीन इंग्रजी अक्षरांची आज्ञा टंकित केली, की त्या क्षणी कोण कोण यंत्रावर हजर आहे त्यांची यादी समोर येई. कोणी टपाल वाचीत असे, कोणी आपल्या वेब-पानाची मांडणी सुधारीत असे, कोणी ‘सी’ भाषेतला गृहपाठ पुरा करीत असे, आणि कित्येक जण आयआरसीवर गप्पा मारीत असत. महाविद्यालया-महाविद्यालयांच्या मंडळांनी ‘इंटरसॉक्स’ नावाने आपली आयआरसी-यंत्रे एकमेकांना जोडून घेतल्यामुळे लिमेरिकचा विद्यार्थी डब्लिनच्या विद्यार्थ्याशी मध्यरात्री निःशुल्क बोलू शके. एकाच यंत्राची स्मृती आणि तबकडी सर्वांनी वाटून घ्यायची असल्याने, एकाचा बेफाम प्रोग्राम सर्वांना छळतो, हे नागरिकशास्त्र तेथे व्याख्यानावाचून शिकायला मिळे.

आता या व्यवस्थेच्या गाभ्याकडे वळू. युनिक्स यंत्रावर ‘रूट’ म्हणून जो प्रवेश करतो त्याला कोणतेही कुलूप अडवत नाही. कोणाचेही टपाल तो उघडू शकतो, कोणाचीही फाइल नष्ट करू शकतो. अशी निरंकुश सत्ता मंडळाच्या सिस्टिम-ॲडमिनच्या हाती असे, आणि हा ॲडमिन कोण, तर ज्यांचे टपाल त्याच्या कह्यात आहे त्यांनीच वार्षिक सभेत मते देऊन निवडलेला एखादा सहाध्यायी. म्हणूनच केवळ लोकप्रियतेवर हे पद सोपवणे धोक्याचे होते. रेडब्रिकमध्ये ॲडमिनपदाच्या उमेदवारांची प्रत्यक्ष कामाची परीक्षा घेण्याची वहिवाट पडली. आणि मुदत संपलेल्या काही विश्वासू ॲडमिनांकडे रूटचा अधिकार राहू देण्याचा रिवाज ठेवल्यामुळे, नव्या मंडळींना अडीअडचणीला वडीलधाऱ्यांचा सल्लाही मिळत राहिला. नवख्या सभासदांचे शंकासमाधान करण्यासाठी ‘हेल्पडेस्क’ हे निराळे निर्वाचित पद असे. निवडणुकीने विश्वास, परीक्षेने पात्रता आणि पूर्वसूरींच्या उपस्थितीने सातत्य, अशी ही त्रिविध तजवीज कोणा व्यवस्थापन-पंडिताने आखून दिलेली नव्हती. दर तीनचार वर्षांनी ज्या संस्थेचे सारे जाणकार पदवी घेऊन निघून जातात, तिला टिकून राहण्यासाठी ती सुचली.

अडचणी अर्थातच होत्या. यंत्रे पुष्कळदा जुनी किंवा देणगीदाखल मिळालेली असत. ऐन परीक्षेच्या दिवसांत तबकडी निकामी झाली, तर अभ्यास बाजूला सारून राखीव प्रतीवरून सारे पूर्ववत करीत बसणे ॲडमिनच्या नशिबी येई, आणि त्याबद्दल वेतन तर नाहीच, गुणही मिळत नसत. बाहेरून कोणी यंत्रात घुसखोरी केली तर महाविद्यालयाच्या संगणक-सेवा विभागापुढे खुलासा करावा लागे, कारण जाळे महाविद्यालयाचे आणि बदनामीही त्याचीच. विद्यार्थ्यांना मोकळीक हवी, अधिकाऱ्यांना सुरक्षितता हवी. या ओढाताणीत दोन्ही पक्षांना वाटाघाटी शिकाव्या लागल्या, आणि त्या शिकण्यात, माझ्या मते, या मंडळांचे शैक्षणिक मूल्य यंत्रविद्येइतकेच सामावलेले आहे.

पुढे काळ पालटला. फुकट ई-टपाल देणाऱ्या कंपन्या आल्या, घरोघर ब्रॉडबँड पोचले, खिशात स्मार्टफोन आला, आणि मंडळाच्या खात्यावाचून ज्याचे अडेल असा विद्यार्थी विरळा झाला. मंडळांनीही आपले रूप बदलले; प्रोग्रामिंगचे वर्ग, व्याख्याने, खेळांचे सर्व्हर आणि स्पर्धा यांना प्राधान्य आले. तरीही स्वतःचे यंत्र स्वतः चालवण्याचा बाणा अनेकांनी सोडला नाही, आणि तो सोडू नये असेच मला मनापासून वाटते. दुसऱ्याच्या मालकीच्या सेवेवर वावरणारा विद्यार्थी कितीही कुशल झाला तरी अखेर गिऱ्हाईकच राहतो. सामाईक यंत्र राखण्याचा अखत्यार आणि त्याबद्दल सहाध्यायांच्या सभेपुढे जाब देण्याचे बंधन ज्याला लाभते, त्याला दुसऱ्याचे टपाल उघडता येत असूनही न उघडण्याचा संयम अंगी बाणवावा लागतो. आज अवघ्या समाजाचा पत्रव्यवहार अशाच अदृश्य रूट-धारकांच्या हाती असताना, ही विश्वस्तवृत्ती शिकवणारी शाळा आपल्याकडे आहे याचे मोल आयरिश विद्यापीठांनी ओळखले पाहिजे.

त्या ओळखीची पहिली कृती अगदी साधी असू शकते. हिस्टॉरिकल सोसायटीचे दप्तर ट्रिनिटीच्या ग्रंथालयात जतन केलेले आहे आणि इतिहासकार त्याचा आधार घेतात. परंतु संगणक-मंडळांची इतिवृत्ते, सूचनापत्रे आणि निवडणुकांच्या नोंदी ज्या तबकड्यांवर होत्या त्या कागदाहून फार अल्पायुषी. त्या वाचता येत आहेत तोवर, आणि ज्यांनी ती यंत्रे चालवली ती माणसे मध्यम वयात, हयात आणि सांगण्यास उत्सुक आहेत तोवर, प्रत्येक विद्यापीठाच्या अभिलेखागाराने या नोंदी आणि या कैफियती रीतसर मागवून घ्याव्यात. वक्त्यांच्या मंडळांना जो मान मिळाला, तो यंत्र राखणाऱ्या मंडळांनीही आपल्या कारभाराने कमावलेला आहे.